टेबलावरचा उजवा

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दादा,

दोऱ्याचा एजंट काल आला होता. तोच, बसायच्या आधी चहा मागणारा. अजून तसाच आहे, फक्त पोट थोडं पुढे आलंय. रिळांची पेटी उघडता उघडता म्हणाला, "तुमचा भाऊ दिसला मला, बंदराच्या गावात. बॅगांच्या कारखान्यात कटिंगला आहे." मी म्हटलं, कशावरून माझाच भाऊ? तर म्हणाला, "ताई, कातड्यावर सहा बोटं पसरून उभा राहणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय."

बाबा पलीकडच्या टेबलावर होते. त्यांनी कात्री थांबवली नाही, पण हातमोज्यांचे पुढचे दोन अंगठे वाकडे कापले गेले. एजंट गेल्यावर मी ते गुपचूप उचलून चिंध्यांच्या डब्यात टाकले.

म्हणून हे पत्र त्या कारखान्याच्या पत्त्यावर. तुला काय माहीत आहे आणि काय नाही हे मला ठाऊक नाही, तेव्हा सरळ सांगत जाते. तू गेलास तेव्हा मला तिसरा महिना होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी झाली. बाबा तिला बटण म्हणतात, त्यामुळे सगळेच बटण म्हणतात. शाळेत बाईंनी खरं नाव घेतलं की ती मागे वळून बघते, कुणाला हाक मारली म्हणून. सहा वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत आणि बोलणं मात्र कधी बंद पडत नाही.

तिच्या डाव्या हाताला, करंगळीच्या शेजारी, तुझं बोट आहे.

जन्मली तेव्हा सिस्टरने दुपट्यातून हात काढून दाखवला, जरा चाचरतच. म्हणाली, काही नाही, मुळाशी दोरा बांधला की आठ दिवसांत गळून जातं. मी नको म्हटलं. हे म्हणाले, अगं दोऱ्याने होतंय तर करून टाक. मी म्हटलं, मोठी झाली की बघू. मग दर वर्षी बघू. तुझ्या बोटात हाड होतं, ते काम करायचं, साचा दाबून धरायचं. हिच्या बोटात हाड नाही. नुसतं मांस, आणि वर मसुराएवढं नख. आम्ही ते नखसुद्धा कापतो.

तिने एकदा विचारलं, असं अजून कुणाला आहे? मी म्हटलं, मामाला. झालं. तेव्हापासून त्या बोटाचंच नाव मामा. मामाला साबण लावायचा राहिला. मामाला थंडी वाजते. आजोबा, मामा दुधात बुडाला. सात वर्षांत बाबांसमोर तुझं नाव काढायची हिंमत तिच्याशिवाय कुणी केलेली नाही, आणि ती दिवसातून दहा वेळा काढते. बाबा ऐकतात आणि जेवत राहतात.

गेल्या महिन्यात ते बोट झोपाळ्याच्या साखळीत अडकलं. मुळाशी फाटलं, मग पू झाला. सर्जन म्हणाले, आता ठेवण्यात अर्थ नाही, परत परत अडकणार. अर्ध्या तासाचं काम, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. परवा गुरुवारी आहे. हे ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत. बाबांना विचारलं, येता का सोबत? म्हणाले, "ऑर्डर आहे." ऑर्डर नाही. वहीची पानं कोरी आहेत, मला दिसतात.

त्या तीनशे हातमोज्यांबद्दल काही लिहीत नाही. जे झालं ते झालं. परवा तू असतास तर बरं वाटलं असतं, एवढंच.

सुतळी

(सुतळी म्हणून हाक मारणारं घरात आता कुणी नाही. आणि मी सुतळीसारखी राहिलेही नाही.)


गुरुवार, १० ऑक्टोबर, सकाळी दहा

दादा,

परवाचं पत्र टाकलं नाही. पिशवीत आहे. पुढचं त्याच्यामागेच लिहिते. इथे वेळच वेळ आहे.

आम्ही साडेसहाला आलो. पहाटेपासून तिला पाणीही द्यायचं नव्हतं. वाटेत तिने सौदा सुरू केला. "एक बिस्किट?" नाही. "अर्धं?" नाही. "नुसता वास घेऊ?" मी म्हटलं घे, तर म्हणाली, "पण पुडाच नाहीये ना आपल्याकडे." आणि दोन चौक गप्प राहिली. ती गप्प बसली की मला भीती वाटते.

खाली काउंटरवर नाव नोंदवलं. मग वरच्या मजल्यावर लांबट खोली आहे, भिंतीला खुर्च्या, मध्ये वजनाचा काटा. मुलांना हिरवे झगे देतात, मागून नाड्यांचे. झग्याची शिवण मी पाहिली. खांद्याला दुहेरी टीप आहे, गळ्याला काहीच नाही. दहा धुण्यांत उसवणार. बटण म्हणाली, "आई, तू त्यांना सांगू नकोस हं."

इथे एक घोळ झाला. थिएटरमध्ये नेण्याआधी सिस्टर येऊन फॉर्म आणि मूल ताडून बघते. तिने बटणला विचारलं, "कुठल्या हाताचं काम आहे आज?" बटणने डावा हात पुढे केला. सिस्टरने कागदाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, परत कागदाकडे. मला म्हणाली, "ह्यात उजवा आहे."

मी म्हटलं, डावाच आहे, दिसतोय की.

"मला दिसतंय हो. पण कागदावर उजवा आहे. आणि उजव्या हाताला पाचच बोटं आहेत. ह्यातलं कुठलं काढायचं?"

बटण म्हणाली, "ती सगळी लागतात मला."

हसण्यासारखं होतं, पण हसायला कुणी नव्हतं. कागदात आणि मुलात फरक पडला की सगळं थांबवतात, असा नियम आहे. तिची पाळी गेली. तिच्या आधी टॉन्सिलवाल्या एका मुलीला आत घेतलं. नवा फॉर्म, नवी सही, सर्जनना पुन्हा बोलावून त्यांच्याकडून हातावर पेनाने बाण. काउंटरच्या बाईंना वर बोलावून घेतलं. चष्म्याला साखळी लावलेल्या, पन्नाशीच्या बाई आहेत. जिने चढून त्यांना धाप लागली होती. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला डावा-उजवा कळत नाही का?" त्या म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं होतं." आणि माझ्याकडे पाहिलं.

असो. काउंटरवर इतकी गर्दी असते, चूक होते माणसाची. पण मुलांच्या ठिकाणी जरा लक्ष द्यायला हवं.

बोलावतायत वाटतं. थांब.


तोच दिवस, साडेअकरा

तिला आत नेलं. दारापर्यंत मी हात धरून गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "नाव काय तुझं?" ती म्हणाली, "माझं की ह्याचं?" आणि मग दार लागलं. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले.

दादा, वर जे लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. तुला दिसू दे की सात वर्षांनी तुलाच लिहायला बसले आणि तरी माझा हात तसाच वळला.

सकाळी काउंटरवर बाईंनी विचारलं, "कुठला हात?" बटण माझ्या मांडीवर होती. तिचा हात माझ्या हातात, तळवा वर. अंगठा डावीकडे. मी बघितलं आणि म्हणाले, उजवा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि परत विचारलं, "उजवा ना?" मी म्हटलं, हो, उजवाच. त्यांनी टाईप केलं. मी न वाचता सही केली.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही, पण लिहून काढते, म्हणजे मला पळता येणार नाही. आपल्याकडे कातडं खडबडीत बाजू वर करून पसरतात. साचा त्या बाजूवर आखतात. शिवून झाल्यावर हातमोजा उलटवला की टेबलावर उजवा दिसणारा हात डावा होतो. बाबांचा नियम होता, कटरला द्यायच्या चिठ्ठीवर टेबलावर दिसतो तोच हात लिहायचा. "टेबलावरचा उजवा" म्हणजे घालणाऱ्याचा डावा. पंधराव्या वर्षापासून मी तसंच बोलते. अंगठा डावीकडे दिसला की माझ्या तोंडून उजवा येतो. अख्ख्या हॉस्पिटलात अशी चूक करणारी मी एकटीच असेन. पोटच्या पोरीचा हात मी कातडं बघावं तसा बघितला.

चूक झाली ती झाली. त्याचं मला फार वाटत नाही. सिस्टरने पकडली, पोरीला काही झालं नाही. पण सिस्टरने फॉर्म पुढे केला तेव्हा विचार करायला एक क्षणही लागला नाही मला. "मी डावा सांगितलं होतं," असं मी म्हणाले. स्पष्ट, शांत आवाजात. खरं बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा आवाज. आणि त्या बाई जिने चढून आल्या.

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी आधी एकदा पाहिलंय. रागाने नाही. हे हिने केलं यावर विश्वास बसायला वेळ लागतोय, असं.

आता तीनशे मोजे.

ओतकाम करणाऱ्यांची ती ऑर्डर. त्यांना नुसते डावे हवे होते, कारण भट्टीकडचा हात डावा, तोच आधी जळतो. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, डावे, नग तीनशे. ते पत्र समोर ठेवून मी चिठ्ठी लिहिली आणि पत्रातला शब्द तसाच उतरवला. "डावा, ३००." आपल्या भाषेत तिथे उजवा यायला हवा होता. तू चिठ्ठी हातात घेऊन माझ्या मशीनपाशी आला होतास. "सुतळी, डावा नक्की ना?" मी मान वर न करता म्हटलं, "लिहिलंय ना."

म्हणजे तूही दोनदा विचारलंस.

तीनशे उजवे तयार झाले. एकेक मोजा उलटून गठ्ठ्यात जाताना कुणाच्या लक्षात आलं नाही. माल परत आला, बाबा जिना उतरत होते, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि चिठ्ठी अजून टेबलावरच्या खिळ्याला टोचलेली होती. मी उठले, चिठ्ठी काढली आणि एप्रनच्या खिशात घातली. बाबा तुझ्यावर ओरडले, तू म्हणालास चिठ्ठीवर डावा होतं, बाबांनी मला विचारलं. मी म्हणाले, "मी उजवा लिहिलं होतं." त्याच आवाजात.

का, ते मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. दिवस गेले होते, मळमळायचं, त्या महिन्यात बाबा मला दोनदा बोलले होते. ह्यातलं काहीच कारण म्हणून पुरत नाही. तो आवाज माझ्याकडे वळू नये, एवढंच वाटलं होतं. मला वाटलं, तुला काय, तू बाबांचा लाडका कटर, दोन दिवस धुसफुसाल आणि मिटेल. आठ दिवसांनी तुझ्या एप्रनची खुंटी रिकामी होती. तू मला एका शब्दाने काही बोलला नाहीस. जायच्या आदल्या दिवशी माझ्या मशीनचा सैल झालेला पट्टा बसवून गेलास. तो अजून तसाच घट्ट आहे.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली. फाडवत नाही आणि दाखवताही येत नाही.

बारा वाजायला अजून वीस मिनिटं आहेत. खाली जाऊन येते.


तोच दिवस, दुपारी तीन

बटण झोपलीय. हाताला एवढं मोठं बँडेज आहे की त्यात चार मामा मावतील. पण आधी खालचं सांगते.

काउंटरवर त्या वेळी कुणी नव्हतं. बाई कोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी म्हटलं, सकाळी चूक माझी होती. तुम्ही दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा उजवाच म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "हो. मला माहीत आहे."

मी म्हटलं, मला माफ करा.

"खुलासा लिहितेय," त्या म्हणाल्या. "लेखी मागितलाय. अर्ध्या तासात दोन ओळी झाल्यात. न केलेल्या चुकीचं कारण काय लिहायचं, सांगा तुम्हीच."

मी तिथेच उभी राहिले. मला वाटत होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या, होतं असं. बाई तसल्या नाहीत. चष्मा काढून साखळीला सोडला आणि म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? मला तर आधीपासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. वर जा."

दादा, जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबले, आणि ते वरच्या मोठ्या सिस्टरमुळे नव्हे. तुला एवढं लांबलचक पत्र लिहून मी मोकळी व्हायला निघाले होते. तुला तर सगळं माहीतच आहे.

मोठ्या सिस्टरनी ऐकून घेतलं. "हे तेव्हाच सांगता आलं नाही?" नाही आलं, म्हटलं. "आयांचा गोंधळ होतो, आम्ही ते धरूनच चालतो. म्हणून तर तीनदा तपासतो. पण मग लगेच सांगायचं असतं, बाई. माझं माणूस खाली रडतंय." त्यांनी रजिस्टर काढलं. सकाळच्या नोंदीखाली मला माझ्या हाताने लिहायला लावलं, की हात मीच चुकीचा सांगितला. सही, वेळ. मग खाली फोन करून म्हणाल्या, "तो खुलासा राहू द्या. चहा घेतलात का?" सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. पाचच मिनिटं.

खाली परत गेले नाही. त्या बाईंना माझं तोंड परत बघायला लागू नये असं वाटलं. की मलाच त्यांचं बघवत नव्हतं, कोण जाणे.

बारा वाजून दहा मिनिटांनी बटणला बाहेर आणलं. सर्जन म्हणाले, तीन टाके, काही काळजी नाही. ती अर्धवट डोळे उघडून बँडेजकडे बघत राहिली. जीभ जड होती. म्हणाली, "मामा गेला?"

गेला, म्हटलं.

"मला सांगून नाही गेला."

आणि परत झोपली. मी तिच्या पायाशी बसून राहिले. बाजूच्या पलंगावर टॉन्सिलवाल्या मुलीचे वडील आईस्क्रीमचा कप धरून बसले होते. ते वितळत होतं आणि मुलगी तोंड उघडायला तयार नव्हती. त्यांनी मला विचारलं, "तुमची पहिलीच वेळ?" मी हो म्हटलं.

तुझा चेहरा मला नीट आठवत नाही असं मध्यंतरी वाटायला लागलं होतं. आज तिचा डावा हात उशीवर पडला होता, बँडेजमुळे बोटं पसरलेली, आणि तू दुपारी कातड्याच्या गठ्ठ्यावर आडवा व्हायचास तो अख्खा दिसलास मला. पायातली एक चप्पल पडलेली, तोंडावर वर्तमानपत्र. मी वर्तमानपत्र ओढलं की म्हणायचास, "सुतळी, मी वाचत होतो." डोळे मिटून.


रविवार, १३ ऑक्टोबर

दादा,

बाबांना सांगितलं.

शुक्रवारी सांगणार होते, तर शिवणाऱ्या बायका होत्या. शनिवारी सांगणार होते, तर बाबांचं डोकं दुखत होतं. अशी कारणं मला कधी कमी पडत नाहीत. आज कारखाना बंद. बाबा तरी नेहमीसारखे खाली जाऊन बसले होते, सुऱ्यांना धार लावत. बटण त्यांच्या स्टुलाखाली कातड्याच्या तुकड्यांची गावं मांडत होती. तिला मी वर पाठवलं. "मी नाही का ऐकायचं?" म्हणाली. मी म्हटलं, नंतर. खरंच नंतर सांगणार आहे तिला.

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. त्यांना आता साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्यात उतरतोय, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, कात्रीला डोळे लागत नाहीत. त्यांनी भिंग घेतलं. माझं अक्षर तेव्हा मोठं होतं, जाड पेन्सिलीचं. बराच वेळ लागला.

"अक्षर तुझं आहे."

"हो."

"कुठे होती ही?"

"माझ्या मशीनच्या खणात."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

त्यांनी भिंग पुसलं. परत वाचलं. दोन शब्द आहेत, दादा, एक शब्द आणि एक आकडा. मग म्हणाले, "मी त्याला काय बोललो होतो, आठवतं तुला?"

हो म्हटलं.

"सांग."

मी सांगितलं, "सहा बोटं असून ज्याला डावा-उजवा कळत नाही, त्याने माझ्या टेबलाला हात लावू नये."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मला वाटत होतं, आता ओरडतील. खरं सांगू, ओरडावं असं वाटत होतं. सात वर्षं ज्याला घाबरले तो आवाज एकदाचा माझ्यावर यावा आणि संपावं. ते ओरडले नाहीत. सुरी म्यानात घातली, धारेचा दगड पुसून फळीवर ठेवला. म्हणाले, "नियम माझा होता. जगात हाताला जे म्हणतात तेच चिठ्ठीवर म्हणू दिलं असतं, तर हे झालंच नसतं."

मी म्हटलं, बाबा, नियमाने चाळीस वर्षं काही बिघडलं नव्हतं. नियमाने चिठ्ठी लपवली नाही.

"ते तू मला शिकवू नकोस," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "एजंटने गाव कुठलं सांगितलं?"

गाव त्यांना माहीत आहे. एजंट बोलत होता तेव्हा त्यांनी एक शब्दही सोडला नव्हता. पण मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं गाडी किती वाजता असते, आणि उतरल्यावर चालायचं किती. मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, "तू पोरीजवळ थांब. टाके आहेत तिला." दारापाशी जाऊन थांबले. "आणि त्याला आधी मी दिसलेलो बरा. तुला बघून तो लगेच विरघळेल. मग मला जे ऐकायचंय ते ऐकायचं राहून जाईल."

विरघळशील का रे तू? मला नाही वाटत. मला वाटतं तू दारातून आत वळशील आणि कामाला लागशील. पण ते म्हणाले तेव्हा मी वर जाऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

दादा,

बाबा आज सकाळी नऊच्या गाडीने निघाले. मी आणि बटण स्टँडवर गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत चार-पाच दिवसांचे कपडे, डोळ्यांचे थेंब. थेंब दिवसातून तीनदा घालायचे असतात, त्यांचा हात नीट लागत नाही, तू घाल. बटणने त्यांना बजावलं, "मामाला सांगा, माझे टाके शनिवारी काढणार. त्याने यायचं असेल तर शनिवारी यावं. नंतर बघायला काही उरणार नाही." बाबा म्हणाले, "बरं." तिच्याशी बोलताना ते कधीच वाद घालत नाहीत.

ते उद्या सकाळी पोचतील. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. ते रविवारपर्यंत राहणार आहेत, म्हणजे हे येईल तेव्हा ते तुझ्याजवळ असतील. तू त्यांना ठेवून घेतलं असशील तर.

मग आता लिहायचं कशाला, असं तू म्हणशील. सांगते. काल दिवसभर बाबा पुटपुटत होते. कापताना, जेवताना. तुझ्यासमोर काय बोलायचं ते घोकत होते. मी जवळ गेले की गप्प व्हायचे, पण मी ऐकलंय. ते तुला सांगणार आहेत की चूक दुकानाच्या पद्धतीची होती, म्हणजे त्यांची, आणि माझ्या हातून नकळत झालं. त्यांना तुला परत आणायचंय, आणि मलाही सांभाळायचंय, आणि ह्या दोन्ही गोष्टी ते एकाच वाक्यात बसवतायत. त्यांना पुरं बोलू दिलंस ना? आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला काही समजावायला गाडी पकडून गेलेत.

पण नकळत झालं नाही. चिठ्ठी चुकली ते नकळत. खिळ्यावरून काढली ते कळून, खिशात घातली ते कळून, आणि तू समोर उभा असताना खोटं बोलले तेही कळून. त्यानंतर सात वर्षं, कारखाना उघडला त्या प्रत्येक दिवशी, तुझ्या रिकाम्या खुंटीसमोर बसून शिवलं, तेही कळूनच.

तू यावंस असं मला वाटतं. चहाचा कप जास्तीचा मांडला जातो अजून, सवयीने, आणि मग मी तो परत फळीवर ठेवते. पण ये, असं मी ह्या पत्रात म्हणत नाही. यायचं की नाही, हे आता तू ठरव.

एकच काम कर. आठ तारखेपासूनची ही सगळी पानं बाबांना वाचून दाखव. काउंटरच्या बाईंवर ढकललं ते पान वगळू नकोस. त्यांना स्वतः वाचता येणार नाही, आणि मी जे तोंडाने सांगितलं त्याला ते आता मऊ करून घेतील. तू वाच, मोठ्याने, सावकाश. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. मधे बोलायला लागले तर म्हण, थांबा, अजून आहे. ह्या खेपेला ते थांबतील.

तुझी
सुतळी